आता बसा निवांत

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर दोन महामार्ग एकत्र येतात. एक अकोल्याहून वाशिम, हिंगोली करत येतो आणि नांदेड, देगलूरवरून तेलंगणातल्या संगारेड्डीकडे जातो. दुसरा नागपूर, यवतमाळहून येऊन नांदेड-लातूरमार्गे तुळजापूर गाठतो. त्यामुळे इथं खिचडी खायला थांबलेल्या माणसांत हैदराबादकडचा ड्रायव्हर असतो, माहूरहून परतणारं कुटुंब असतं, वसमतच्या बाजारात हळद घालून आलेला शेतकरी असतो. अशा जागी पानटपरी किंवा किराणा चालवणाऱ्या वयस्क माणसाला दिवसभर कोणी ना कोणी काही विचारत राहतं. हदगावला कुठून वळायचं, हिंगोलीची गाडी गेली का, पाचशेचे सुट्टे आहेत का. पुढचा प्रश्न कोणता येईल हे त्याला आधी माहीत नसतं. उत्तर जागच्या जागी शोधावं लागतं, कधी हिंदीत, कधी जमेल तेवढ्या तेलुगूत.

मग मुलगा हाताशी येतो, गल्ल्यावर बसतो आणि म्हणतो, "बाबा, लई केलं तुम्ही. आता बसा निवांत." आमच्या भागात हे वाक्य घरोघर ऐकू येतं. सुनेनं सासूला म्हटलेलं, नातवानं आजोबाला म्हटलेलं. ते मनापासून म्हटलेलं असतं आणि ऐकणाऱ्यालाही सुखावतं. पण त्या दिवसापासून त्या माणसाला कोणी काही विचारेनासं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, म्हाताऱ्या माणसाचं डोकं तरतरीत राहतं ते त्याच्याकडे तयार नसलेलं काहीतरी कोणीतरी मागत राहिलं म्हणून. ही मागणी बंद झाली की अंगाला आराम मिळतो, डोकं मात्र उपाशी राहतं.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. 1988 मध्ये रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातल्या मृत रहिवाशांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या काही जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा स्पष्ट होत्या, पण जिवंतपणी ही माणसं चांगली हिंडतीफिरती, बोलती, समजती होती. आजार मेंदूत शिरला होता, वागण्यात उतरला नव्हता. याचा उलगडा करताना न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ याकोव स्टर्न यांनी मेंदूच्या राखीव बळाची कल्पना मांडली. पावसात पूल वाहून गेला तर ज्याला एकच रस्ता ठाऊक आहे तो अडकून पडतो. ज्याला शिवारातून जाणाऱ्या पायवाटा ठाऊक आहेत तो उशिरा का होईना, गावात पोचतो. मेंदूचंही बरंचसं असंच आहे. आयुष्यभर तऱ्हेतऱ्हेचं शिकलेला, नाना प्रकारच्या माणसांशी बोललेला मेंदू एका भागाला इजा झाली तरी दुसरीकडून काम निभावून नेतो. शिक्षण, अवघड कामधंदा आणि माणसांतला वावर यांनी हे बळ वाढतं, आणि त्यात भर पडणं म्हातारपणीही थांबत नाही.

आता प्रश्न असा की, भर पडते ती कशानं? पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं ते सरावाचं. शब्दकोडी सोडवा, सुडोकू सोडवा, पाठ केलेलं रोज म्हणा. या उत्तराची नीट परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 2,832 निरोगी माणसांचे गट करून एका गटाला स्मरणशक्तीचं, दुसऱ्याला तर्काचं, तिसऱ्याला झटपट पाहून ओळखण्याचं शिक्षण देण्यात आलं. प्रत्येक गटाला सुमारे दहा तासिका मिळाल्या. पहिले निष्कर्ष 2002 मध्ये आले. ज्याला जे शिकवलं त्यात तो सुधारला, पण एका गटाची सुधारणा दुसऱ्या क्षेत्रात उतरली नाही. दहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा तर्काचा आणि झटपट ओळखण्याचा फायदा टिकून होता, स्मरणाचा ओसरला होता. म्हणजे म्हातारपणी मेंदू शिकतो हे नक्की, पण जे शिकवलं तेवढंच शिकतो. सुडोकू सोडवणारा सुडोकूत हुशार होतो. तेवढ्यावर बाकीच्या आयुष्याची सोय झाली असं मानून थांबता येत नाही.

दुसरा एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. टेक्सासमध्ये डेनिस पार्क यांनी 60 ते 90 वयाच्या माणसांना तीन महिने, आठवड्याला पंधराएक तास काही ना काही करायला लावलं आणि 2014 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. काही जण डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढून ते संगणकावर नीट करायला शिकले. काही जण तुकडे जोडून रजई शिवायला शिकले, काही जण दोन्ही. आणखी एक गट नुसता जमायचा. गप्पा, सहली, खेळ, पण नवं शिकणं नाही. आणि काही जण घरीच सोपी कोडी सोडवत, गाणी ऐकत. घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता वाढली ती नवं आणि अवघड शिकणाऱ्यांची. त्यातही कॅमेऱ्याशी झटापट केलेल्यांची जास्त.

रजई म्हटल्यावर आपल्याला आपली वाकळ आठवते. पण इथंच थांबून नीट पाहायला हवं. टेक्सासमधल्या त्या शिकणाऱ्यांना शिवण नवी होती. आमच्याकडच्या सत्तरीतल्या आजीला वाकळ नवी नाही. जुनी लुगडी अंथरायची, कडा दुमडायच्या, धावदोरा घालत कोपऱ्यावरून वळायचं. तिचे हात हे बोलता बोलता करतात. तेच काम त्यांना शिक्षण होतं आणि हिला सवय. सवयीलाही मोल आहे, त्यात समाधान आहे, थंडीत पांघरायला ऊब आहे. डोक्याला ताण मात्र नाही. पण तीच आजी नांदेडला शिकणाऱ्या नातीला वाकळ शिकवायला बसली तर? नात विचारते, "किती इंच सोडायचं? कोपरा आधी का मधला भाग आधी? दोरा इथंच का तोडला?" आजीनं हे इंचात कधी मोजलेलंच नसतं. हातांना माहीत असलेलं तिला पहिल्यांदा शब्दांत आणावं लागतं, क्रम लावावा लागतो, नातीला कुठं कळलं नाही ते ओळखून पुन्हा वेगळ्या रीतीनं सांगावं लागतं. वाकळ तीच असते, पण आता तिच्याकडे तयार नसलेलं काहीतरी मागितलं गेलेलं असतं.

भजनाकडेही याच नजरेनं पाहता येईल. गावच्या मंदिरात संध्याकाळी हरिपाठ होतो. चाळीस वर्षं म्हणणाऱ्याचं मन ओठ हलत असताना शेतात जाऊन पंपाची मोटार बंद करून येऊ शकतं. म्हणून हरिपाठ सोडावा असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी चार माणसांत बसणं, श्वास लावून म्हणणं, गेलेल्या सोबत्याची जागा दिसणं हे सगळं माणसाला धरून ठेवतं. पण त्याच फडात कोणी सत्तराव्या वर्षी पखवाजावर हात धरायला शिकू लागला, एखादी नवी चाल बसवू लागला, तर त्याच्या डोक्याला पडणारं काम निराळ्या जातीचं असतं. त्याहून सोपंही एक आहे. सप्ताहात रात्री कीर्तन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी, जो घरी राहिला होता त्यानं आजोबांना विचारावं, "बुवांनी कोणता अभंग घेतला? दाखला कशाचा दिला?" कीर्तन ऐकणं आणि उद्या ते सांगायचं आहे हे मनात धरून ऐकणं यांत फार अंतर आहे.

याच हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव, अशी इथली परंपरा. औंढा नागनाथही इथलंच. नामदेव भक्त म्हणून नावाजलेले असताना संतमेळ्यात त्यांना कच्चं ठरवण्यात आलं आणि ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले, ही कथा लहान मुलंही सांगतात. पुढं ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि ती पंढरपूरच्या मराठीत नाहीत. तिकडच्या माणसांना कळेल अशा बोलीत आहेत. नाव झालेला माणूस परक्या मुलखात जातो आणि तिथल्या लोकांच्या भाषेत रचू लागतो. हे करताना त्यांना रोज किती शब्द शोधावे लागले असतील, किती वेळा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ओळ बदलावी लागली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

भाषेचा मुद्दा मी उगाच काढलेला नाही. फाट्यावरून दक्षिणेकडे जाणारा हा रस्ता ज्या हैदराबादच्या बाजूला जातो, तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला आढळला. आणि जे कधी शाळेत गेले नाहीत त्यांच्यातही हा फरक दिसला. ही बाब आमच्या भागासाठी फार मोलाची आहे, कारण इथल्या सत्तरी-ऐंशीतल्या असंख्य बायकांनी पाटी हातात धरलेली नाही. इतर देशांतल्या सगळ्याच अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही, तेव्हा त्याला हमी समजू नये. तरी विचार करा. तांड्यावरची बंजारा आजी घरात गोरमाटी बोलते, बाजारात मराठी, परगावच्या व्यापाऱ्याशी हिंदी. प्रत्येक वेळी समोरचा कोण आहे हे पाहून एक भाषा बाजूला ठेवायची आणि दुसरी काढायची. निझामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या शाळांत उर्दू शिकलेली पिढी 1948 नंतर मराठीत कारभार करू लागली, तिच्याही डोक्याला हेच काम पडलं होतं. निरक्षर म्हणून ज्यांच्याकडे आपण सहज दुर्लक्ष करतो त्यांच्या मेंदूनं आयुष्यभर केवढं काम केलेलं असतं! मग ती आजी घरात बसते. नातवंडं तिच्याशी मराठीतच बोलतात, कारण त्यांना गोरमाटी नीट येत नाही. बाजार सून करते. तीन भाषांपैकी एकीलाही आता फारसं काम उरत नाही.

भारतात 60 वर्षांवरच्या माणसांपैकी सुमारे 7.4 टक्के जणांना, म्हणजे 88 लाखांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं दिला. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. खेड्यात मोकळी हवा, एकत्र कुटुंब, देवधर्म, म्हणजे म्हाताऱ्यांचं सगळं चांगलंच चाललं आहे, या समजुतीत राहून चालणार नाही.

म्हणून विचारण्याकडे परत येतो, कारण विचारण्याचेही प्रकार आहेत. एक प्रकार परीक्षेचा. "सांगा बरं आज वार कोणता? काल रात्री काय जेवलात?" असं घरच्यांनी येताजाता विचारलं की म्हातारा माणूस आतून दुखावतो. विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे आणि आपली झडती चालली आहे, हे त्याला लगेच कळतं. काही दिवसांनी तो बोलायचंच टाळतो. दुसरा प्रकार आठवणींचा. 72 च्या दुष्काळात पाणी कोणत्या विहिरीला होतं, खडी फोडायच्या कामावर मजुरी काय मिळायची. हे विचारावंच. त्यात माहिती आहे आणि सांगणाऱ्याचा मान आहे. पण तीच हकिगत दहाव्यांदा सांगताना तीही वाकळीच्या धावदोऱ्यासारखी आपोआप निघते, वाक्यं तीच, थांबायच्या जागा त्याच.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्याचं उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही आणि ज्याची आज घरात खरीच गरज आहे, असा प्रश्न. सोयाबीनला भाव नाही, यंदा खालच्या तुकड्यात हळद लावावी का? बोअरचं पाणी मार्चपर्यंत पुरेल का? धाकट्याचं लग्न या उन्हाळ्यात उरकावं की पुढच्या? आजोबांनी हळद काहिलीत शिजवलेली असते, आज ती बॉयलरमध्ये शिजते. त्यांना ठिबक माहीत नसतं, बेण्याचा आजचा दर माहीत नसतो. मग ते उलट विचारतात. दर किती, मजूर किती लागतील, पाणी किती दिवसांनी द्यायचं? ऐकलेलं धरून ठेवायचं, जुन्या अनुभवाशी ताडून पाहायचं, नफा-तोट्याचा अंदाज बांधायचा आणि शेवटी एक मत द्यायचं. या अर्ध्या तासाच्या बोलण्यात त्यांच्या मेंदूला जो व्यायाम होतो तो बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही खेळात मला दिसत नाही. अट एकच, मत मागितलं तर ते तोललंही पाहिजे. निर्णय आधीच घेऊन नंतर मानापुरतं विचारलं तर तेही त्यांना कळतं.

यात वेळ जातो हे खरं. घरातली अडचण बहुतेक वेळा मायेची नसते, घाईची असते. मोबाइलचंच पाहा. आजोबांना पैसे पाठवायचे असतात, पासबुकात काय जमा झालं ते पाहायचं असतं. नातू म्हणतो, "द्या इकडं, तुम्हाला नाही जमणार," आणि क्षणात करून मोकळा होतो. त्याच कामाला आजोबांना अर्धा तास लागला असता, दोनदा चुकलं असतं, आकडे पाहायला चष्मा शोधावा लागला असता. टेक्सासच्या प्रयोगात कॅमेऱ्याशी झटापट करणाऱ्यांना जास्त फायदा झाला, तो त्या झटापटीचाच होता असं मला वाटतं. फसवणुकीची भीती खरी आहे, म्हणून शेजारी बसावं, ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे पुन्हा पुन्हा सांगावं. बोट मात्र त्यांचंच असू द्यावं.

विचारलेलं ऐकू तर आलं पाहिजे, हेही इथं सांगायला हवं. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता किंवा कमी करता येण्यासारखी 14 कारणं मांडली. त्यांत कमी ऐकू येण्यावर इलाज न होणं आहे, कमी दिसण्यावर इलाज न होणं आहे, एकटेपणा आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचं धूम्रपान आहे. कमी ऐकू येणारा माणूस बैठकीत हसण्यापुरता हसतो आणि हळूहळू यायचा थांबतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं. कित्येकदा डोकं ठीक असतं, त्याच्यापर्यंत बोलणंच पोचत नसतं. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या गरजू माणसाला चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी एकदा 3,000 रुपये मिळतात. त्या पैशांत भारी यंत्र येत नाही, पण सुरुवात होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन "आता या वयात कशाला" म्हणून पुढं ढकललं जातं. ते ढकलू नये.

आणि हे सगळं करूनही आजार होऊ शकतो. आयुष्यभर वाचन केलेल्या, चार भाषा बोलणाऱ्या माणसालाही होतो. त्याबद्दल त्याला किंवा त्याच्या घरच्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. नेहमीच्या वाटेवर माणूस चुकू लागला, हिशेब अचानक बिघडला, वागणं बदललं, तर आधी डॉक्टरकडे न्यावं. थायरॉइड, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची खोल उदासी यांमुळेही तसं दिसतं आणि त्यांवर इलाज आहे. मी बोलतो आहे ते ज्यांचं डोकं शाबूत आहे आणि ज्यांना आपणच मायेनं बाजूला बसवलं आहे, त्यांच्याविषयी.

मागणी करायची ती किती मोठी करता येते, याचं महाराष्ट्रातलं सुंदर उदाहरण ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आहे. 8 मार्च 2016 ला तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गावातले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती एका धर्मादाय संस्थेच्या मदतीनं उभी केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी येऊ लागल्या आणि मुळाक्षरं गिरवू लागल्या, पाढे म्हणू लागल्या. त्या बायका बिचाऱ्या आहेत म्हणून त्यांना कोणी रमवायला बसवलं नव्हतं. त्यांना अभ्यास दिला गेला, फळ्यावर बोलावलं गेलं, आणि घरी नातवंडांनी त्यांना गृहपाठात मदत केली. गावानं त्यांच्याकडे एक नवी आणि अवघड गोष्ट मागितली, आणि त्यांनी ती दिली.

असं काही करायला वारंग्याला कुणाची वाट पाहण्याची गरज नाही. केंद्राच्या उल्लास या नवभारत साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांवरच्या कोणत्याही निरक्षराची नोंद होते, वरची वयाची अट नाही. शिकवायला पगारी मास्तर लागत नाही, घरातली किंवा शेजारची शिकलेली मुलगी स्वयंसेवक होऊ शकते. शेवटी वाचन, लेखन आणि गणिताची प्रत्येकी 50 गुणांची परीक्षा असते. ज्यांना वाचता येतं त्यांना दुसरं काही शिकता येईल. आमच्या कळमनुरी तालुक्यात हळदीची काढणी आणि शिजवण उरकली की एप्रिलअखेरीपासून दुपारी घरात माणसं असतात, कॉलेजची मुलंमुलीही सुट्टीला आलेली असतात. पाऊस पडून पेरणीची घाई सुरू होईपर्यंत महिना-दीड महिना मिळतो. नावनोंदणी त्याआधी, मार्चमध्येच करून ठेवायला हवी.